वकील गप्प झाली

आत्या पत्त्यांत लबाडी करायची. चोरून नाही, अगदी राजरोस. रविवारी दुपारी गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलं, कोपरापर्यंतचं ग्रीस साबणानं घासून काढलं, की वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती डाव बसायचा. आत्या, तिचा थोरला भाऊ दादा, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली. बदामाचा एक्का आत्याच्या बाहीत जायचा, टाकून दिलेलं पान हळूच तिच्या हातात परत यायचं, आणि शेजारच्याच्या पत्त्यांत तर ती मान लांब करून डोकवायची. पकडली गेली की आवाज चढवायची, "कोण म्हणतं? पुरावा दाखवा!"

पुरावा दाखवायला थोरली भाची टपलेलीच असायची. सोळा वर्षांची ही पोरगी. घरात तिला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे तिला वकील म्हणायचे. बोलायला लागल्यापासून या बयेनं एक गोष्ट सरळ मान्य केली असेल तर शपथ! मोजे पांढरेच का घालायचे? केस रोज का विंचरायचे? कांदा खाल्लाच पाहिजे हा कायदा कुणी केला आणि कुठल्या साली? तर अशी ही वकील एक्का बाहीत जाताना पाहिला की खुर्चीवर चढायची, चमच्यानं टेबल ठोकायची आणि म्हणायची, "आरोपी, उभे राहा!" मग झडती, मग धाकट्या बहिणीची साक्ष, मग आरोपीचा कांगावा, आणि शेवटी शिक्षा म्हणून भांडी घासणं. दादा कानांवर हात दाबून ओरडायचा, "अरे घर आहे की बाजार?" पण डाव मोडायला तो कधी सांगायचा नाही. खरं तर डाव कोण जिंकलं हे कुणाच्या लक्षातही राहत नसे. सगळी गंमत त्या खटल्याची.

तर त्या रविवारी आत्यानं एक्का बाहीत सारला, आणि मान वर केली तो पोरगी थेट तिच्या मनगटाकडे बघत होती. आता चमचा वाजणार म्हणून आत्यानं खांदे ताठ केले, ओरडायला श्वास भरून घेतला. पोरीनं आपली पानं टेबलावर पालथी ठेवली.

"तू जिंकलीस, आत्या," ती म्हणाली. उठली, स्वतःचा कप विसळला, पालथा घातला आणि खोलीत निघून गेली. दारसुद्धा आपटलं नाही.

"काय शांत डाव झाला आज!" दादा हात चोळत म्हणाला.

"शहाणी झाली हो पोर," वहिनी म्हणाली.

आत्या बाहीत एक्का घेऊन तशीच बसून राहिली. जिंकण्याचा तिला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता, आणि त्या रागाखाली भीती होती.

आत्याबद्दल एवढं सांगायला हवं की ती भांडणाला घाबरणारी बाई नव्हती, न भांडण्याला घाबरणारी होती. तिचं लग्न ठरलं होतं एकदा. मोडलं, आणि तिनंच मोडलं. का, असं कुणी विचारलं तर सांगायची, "तो माणूस माझ्याशी भांडेचना. मी काहीही म्हटलं की 'हो, हो'. अशा माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे उशीशी संसार." लोक हसायचे. पण तिचं म्हणणं साधं होतं. समोरचं माणूस भांडतं म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं. ज्याला काहीच नको झालं, ते कशाला भांडेल?

म्हणून तिनं पोरीची कळ काढायला सुरुवात केली. तिच्या आवडत्या गायकाला म्हणाली, काय बाई बेडकासारखा ओरडतो. पोरगी म्हणाली, "असेल." तिची सायकल न विचारता नेली आणि चिखलात बरबटून आणली. पोरगी म्हणाली, "असू दे, धाकटीलाच देऊन टाकली मी ती." शेवटी आत्यानं हुकमाचं पान काढलं. सकाळी ऑम्लेट केलं आणि त्यात बोटभर जाडीचा कांदा घातला. मूठभर! बालवाडीत असताना या मुलीनं कांद्यावरून उपोषण केलं होतं, दोन घरं पलीकडच्या आजोबांना मध्यस्थीला बोलवावं लागलं होतं.

पोरीनं कांदा खाल्ला. बाजूला काढला नाही, नाक मुरडलं नाही. एकेक घास तोंडात घातला, चावला, गिळला. आपण काय खातोय हे तिला कळतही नव्हतं.

आत्या तव्यासमोर पाठमोरी उभी राहिली, कारण डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायची तिची तयारी नव्हती. मग तिनं गॅस बंद केला, सांडशी आपटली आणि तरातरा खाली गेली.

खाली दादा एका जुन्या गाडीखाली आडवा झालेला होता. बाहेर नुसते पाय. आत्यानं त्या पायांशीच बोलायला सुरुवात केली.

"दादा, पोरीला बरं नाहीये."

"कुठल्या?" पाय म्हणाले.

"थोरल्या. आपल्या वकिलाला."

"काय झालंय? ताप आहे?"

"ताप नाही. ती भांडत नाहीये."

गाडीखालून हसण्याचा आवाज आला. "अगं मग पेढे वाट म्हणतो मी! सोळा वर्षं त्या तोंडाच्या पट्ट्याखाली काढलीत. आता कुठे माणसात आली. वेळेवर झोपते, ताटात येईल ते खाते, धाकटीला स्वतःची गिटार देऊन टाकली, फोनला हात लावत नाही, मैत्रिणींचं ते खिदळणं बंद झालं. खोली बघितलीस का? आरशासारखी. आणि हे ऐक, काल मुख्याध्यापक बाईंचा फोन होता. शनिवारी बक्षीस समारंभ आहे. यंदाची आदर्श विद्यार्थिनी आपली! वर्तनाबद्दल! जिच्या वर्तनाबद्दल मला दर महिन्याला शाळेत बोलवायचे, तिला! स्टेजवर मला दोन शब्द बोलायला सांगितलंय."

आता या दोघांच्या धंद्यातली एक गोष्ट. गॅरेजमध्ये माणसं बिघाड घेऊन येत नाहीत, आवाज घेऊन येतात. पुढच्या चाकातून खडखड येतो, वळताना कुईकुई होतं, दुसऱ्या गियरला घरघर. दादानं उभा जन्म आवाज बंद करण्यात घालवला होता. आवाज गेला की गाडी ठीक, बिल करा, पुढची घ्या. तो हातात पाना घेऊन घरातही तसाच वावरायचा. पोरगी कुरकुरत होती, आता कुरकुरत नाही, म्हणजे ठीक झाली. यात त्याचा दुष्टपणा नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

"दादा," आत्या म्हणाली, "बंद पडलेल्या गाडीचाही आवाज येत नाही."

पाय हलायचे थांबले. मग दादा चाकांच्या फळीवरून घरंगळत बाहेर आला. कपाळाला काळं लागलेलं.

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"म्हणजे तिला डॉक्टरकडे न्यायचंय. मनाच्या डॉक्टरकडे."

"वेड लागलंय का तुला? ती काय वेडी आहे? काय कमी आहे तिला? दोन वेळचं खायला आहे, स्वतंत्र खोली आहे, डोक्यावर हात ठेवायला आम्ही आहोत. आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळचं घाल चुलीत! मी काय विचारतेय? काय कमी आहे ते मला माहीत नाही, म्हणून तर माहीत असलेल्या माणसाकडे न्यायचंय. तुझ्या रेडिएटरला भोक पडलं तर त्याला विचारतोस का, तुला काय कमी केलं मी?"

"आवाज कमी कर. समोरचे ऐकतायत."

"ऐकू देत! आवाज कमी करा, आवाज कमी करा, या घराला दुसरं काही येतच नाही!"

दादा परत गाडीखाली गेला. तिथे तो कुणाचं ऐकत नसे, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

संध्याकाळी आत्या पोरीच्या खोलीत गेली. दादा म्हणाला ते खोटं नव्हतं, खोली लख्ख होती. पण आत्याला ती लख्ख वाटेना, रिकामी वाटायला लागली. भिंतीवरची चित्रं काढलेली, नुसते चिकटपट्टीचे चौकोन उरलेले. पुस्तकं बांधून ठेवलेली. गिटारची जागा मोकळी. कुणी भाडेकरू सोडून जायच्या आदल्या दिवशी असते तशी खोली, आणि आपण सगळे या खोलीचं कौतुक करत होतो! पोरगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, उजेड असूनही.

आत्या खाली फरशीवर बसली, पलंगाला पाठ लावून. बोलायला सुचेना. या बाईला, जिचं तोंड आयुष्यात बंद नव्हतं, तिला! शेवटी तिनं तिच्या पद्धतीनं सरळ विचारलं.

"मरावंसं वाटतं का तुला?"

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"मरावंसं असं नाही," पोरगी भिंतीला म्हणाली. "कधी कधी... सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं. हल्ली रोज वाटतं."

आत्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ओरडायचं नाही, रडायचं नाही, उपदेश तर मुळीच करायचा नाही. "बरं झालं सांगितलंस," एवढंच ती म्हणाली. मग, "कधीपासून गं?"

"माहीत नाही. आधी झोप लागायची नाही, आता नुसती झोपच येते. उठलं की दमायला होतं. मैत्रिणी बोलतात ते लांबून आल्यासारखं वाटतं. भांडायला शब्द जुळवावे लागतात ना आत्या, ते जुळतच नाहीत. म्हणून मी 'हो' म्हणायला लागले. सोपं पडतं." ती थांबली. "आणि मी 'हो' म्हणायला लागल्यावर सगळे किती खूश झाले. बाबा तर आनंदानं शीळ घालायला लागले. मला वाटलं, मी नसले तर हे सगळे असेच मजेत राहतील."

हे ऐकून मात्र आत्याला राहवलं नाही. ती उठली, पलंगावर चढली आणि एवढ्या मोठ्या पोरीला तिनं पाठीमागून कवेत घेतलं. "मूर्ख आहेस," ती म्हणाली, आणि आवाज फुटला तो फुटलाच. "मी मजेत नाहीये. मी अजिबात मजेत नाहीये. तू त्या दिवशी मला जिंकू दिलंस, मी अजून जेवले नाहीये नीट."

पोरीच्या अंगातून एक हुंदका गेला. "बाबांना सांगू नकोस ना. शनिवारी बक्षीस आहे. त्यांनी शर्ट शिवायला टाकलाय."

"सांगणार. गल्लीभर नाही सांगणार, पण घरात सांगणार. असली गोष्ट पोटात ठेवायला माझं पोट म्हणजे काय डिक्की आहे?"

आणि सांगितली. जेवणाच्या टेबलावर, दादा आणि वहिनी दोघांना समोर बसवून, पोरीनं उच्चारले तेच शब्द सांगितले. वहिनीच्या हातातली पळी पातेल्यात पडली. दादा म्हणाला, "या वयात असं बोलतात मुली. कुठेतरी ऐकलेलं असतं." पण ते म्हणताना तो कुणाकडे बघत नव्हता. त्या रात्री आत्यानं आपली गादी उचलून पोरीच्या खोलीत नेऊन टाकली. कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी फोनवरच नीट विचारपूस केली, मुलीला एकटं सोडू नका, जास्त वाटलं तर क्षणभरही न थांबता रुग्णालयात आणा म्हणाल्या, आणि भेटीची वेळ दिली. सगळ्यात आधीची मोकळी वेळ शनिवारी सकाळची होती. समारंभाचीच.

"बघ, म्हणजे जमतच नाही," दादा म्हणाला. त्याला जरा सुटल्यासारखं झालं होतं. "पुढच्या आठवड्यात बघू."

"शनिवारी," आत्या म्हणाली.

शनिवारी सकाळी काय तमाशा झाला ते त्या गल्लीला अजून आठवत असेल. दादा नवा शर्ट घालून, केस चापून बसवून शटरपाशी उभा. गाडी धुतलेली. आत्या गाडीसमोर, कामाचाच डगला अंगात, किल्ली मुठीत घट्ट.

"किल्ली दे."

"नाही देणार."

"अगं, नाव पुकारतील तिचं! सगळी शाळा जमणार, लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणू देत. उत्तर द्यायला मी आहे, आणि माझं उत्तर कुणाला ऐकू आलं नाही असं अजून झालेलं नाही."

"तुझी मुलगी नाहीये ती!"

बोलू नये ते तो बोलून गेला. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. आत्याचा चेहरा लाल झाला, पण ती तसूभर हलली नाही.

"नसेल," ती म्हणाली. "तुझी आहे ना? मग तिला विचार, कुठे जायचंय."

पोरगी जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. इस्त्रीचा गणवेश, दोन घट्ट वेण्या. दादानं घसा साफ केला. "काय गं, शाळेत जायचंय ना? बक्षीस आहे तुझं."

"कुठेही चालेल," पोरगी म्हणाली.

"ऐकलंस?" आत्या ओरडली, आणि ओरडता ओरडता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिनं पुसलंही नाही. "कुठेही चालेल! मोज्यांच्या रंगावरून तासभर वाद घालणारी पोरगी ही! दादा, तुला कळतंय का, ते लोक आज हिच्या आजाराला बक्षीस देणार आहेत!"

तेवढ्यात वहिनी जिना उतरून आली. तिनं पायांत चपला सरकवल्या, पोरीचा हात धरला आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

"तू पण?" दादा म्हणाला.

"रोज सकाळी केसांवरून आमची जुंपायची," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "मग एक दिवस ती मुकाट्यानं पाठ करून बसली. मला वाटलं, मी जिंकले. वन्सं, चला तुम्ही."

दादा ताठ मानेनं, पायी पायी शाळेच्या दिशेनं निघून गेला. नव्या शर्टाची घडी पाठीवर उमटलेली होती.

डॉक्टरीणबाई आधी पोरीशी एकटीशीच बोलल्या, बराच वेळ. बाहेर आत्या येरझाऱ्या घालत होती आणि वहिनी पदराचं टोक पिळत बसली होती. मग दोघींना आत बोलावलं. बाई म्हणाल्या, हा आजार आहे, डिप्रेशन. नखरे नाहीत आणि वेडही नाही, आणि यातून माणसं बरी होतात. या वयात प्रत्येक जण रडतच बसतो असं नाही. कुणी सारखं चिडतं, कुणी गप्प होतं. मूल होतं त्यापेक्षा वेगळं वागायला लागलं आणि ते तसंच राहिलं, तर विचारायचं. चांगलं वागायला लागलं तरी विचारायचं.

"कधी घेऊन जाऊ? म्हणजे, कधी बरी होईल?" आत्यानं गॅरेजमधल्या गिऱ्हाइकासारखं विचारलं.

"वेळ लागेल. एकदा ठीक वाटेल, पुन्हा खाली जाईल. दर आठवड्याला यायचं, औषधं मी सांगेन तशीच घ्यायची, आणि वडिलांनाही यावं लागेल."

"त्यांना मी आणते," आत्या म्हणाली. "बंद गाडीसारखं टोचन लावून, ओढून आणते."

त्याची गरज पडली नाही. बाहेर आल्या तर दादा बाकावर बसलेला. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली, मांडीवर हा एवढा पितळी चषक. तो पळत आला होता, अजून धापा टाकत होता. त्याला बघून पोरगी जागच्या जागी थांबली.

"मुख्याध्यापक बाई म्हणाल्या दोन शब्द बोला," दादा सांगायला लागला, कुणी विचारलं नव्हतं तरी. "मी माईकसमोर उभा राहिलो. म्हटलं, आमची मुलगी पूर्वी फार बोलायची, आता घरात तिचा अजिबात आवाज येत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्या वाजवल्या गं... आणि मला पुढचं काही बोलताच येईना. आत्याचं ते बंद पडलेल्या गाडीचं वाक्य कानात. मी तसाच खाली उतरलो. हे हातातच राहिलं." त्यानं चषकाकडे पाहिलं. कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

"तुम्ही घेतलात कशाला?" पोरगी म्हणाली.

आवाज बारीक होता, पण होता.

"अं?"

"बक्षीस. मला नको होतं ते. मला कुणी विचारलं पण नाही. मी शहाणी नव्हते झाले बाबा. माझ्या अंगात जोरच नव्हता."

दवाखाना शांत होता, तीन-चार माणसं बसलेली. दादाच्या तोंडावर जन्माची सवय आली, हळू बोल, लोक आहेत. आत्यानं ती बघितली आणि कंबर कसली. पण दादानं ओठ मिटले. त्यानं चषक बाकाखाली सरकवला आणि दोन्ही हातांनी पोरीचे हात धरले.

"अजून बोल," तो म्हणाला. "चुकलं माझं. अजून काय काय राहिलंय ते बोल."

पण तिला तेवढ्यानंच दम लागला होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून तिनं डोळे मिटले. दादा पाठ अवघडेपर्यंत तसाच बसून राहिला.

पुढचं सरळ गेलं असं कुणी सांगत असेल तर त्याला आत्याकडे पाठवा. औषधं लागू पडायला वेळ लागला. मधे एकदा पोरगी पुन्हा खाली गेली, इतकी की वहिनीनं काम सोडून तिच्या उशाशी ठाण मांडलं. समोरच्या बाई कुजबुजल्या, तर आत्यानं त्यांना रस्त्यात गाठून, हो, डिप्रेशन आहे, तुम्हाला काही माहिती हवी असेल तर बसा, सांगते, असं चारचौघांत सुनावलं. दादा दर आठवड्याला दवाखान्यात जायचा आणि पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचा, पण जायचा. चषकात गॅरेजमधले सुटे नटबोल्ट पडले. ते मात्र दादानंच टाकले.

आणि रविवारचा डाव बंद पडू दिला नाही, हे आत्याचं. एक्का बाहीत जात राहिला. पोरगी कधी खेळायची, कधी नुसती बसायची, कधी अर्ध्यातून उठून जायची. जिंकून जिंकून आत्या मेटाकुटीला आली.

मग एका रविवारी दादाच्या हातून इस्पिकचा राजा खाली पडला. वाकला तो उचलायला, आणि वर आला तेव्हा राजा नव्हता. आता दादा म्हणजे ज्यानं जन्मात कुणाचा एक वॉशर ढापलेला नाही. त्याचे कान लाल झाले होते, कपाळाला घाम, आणि राजा अर्धा शर्टाच्या खिशातून बाहेर डोकावत होता. धाकटीनं तोंडावर हात दाबला. वहिनी छताकडे बघायला लागली.

पोरीनं खिशाकडे बघितलं. मग बापाच्या तोंडाकडे.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला हे अजिबात येत नाही." आणि तिनं हात लांब करून टेबलावरचा चमचा उचलला. खुर्चीवर चढली नाही, तेवढं बळ नव्हतं अजून. बसूनच ठोकला, एकदा, दोनदा. "आरोपी, उभे राहा."

दादा उभा राहिला. ज्याला सगळा जन्म आवाज सहन झाला नाही, तो माणूस छाती पुढे काढून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडला, "कोण म्हणतं? पुरावा दाखवा!"